एर्मेलिंदा मावशीचं अंगण

मी एक जुना नकाशा आहे. भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगतात तो नव्हे, त्या बिचाऱ्याला कोण विचारतं. मी खेळातला नकाशा आहे, कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळातला. दोन टोळ्या असतात. एक बॉम्ब लावायला निघते, दुसरी तिला अडवायला. आणि दोघींच्या मध्ये मी असतो. गल्ल्या, जिने, भिंती, गच्च्या, सगळा मीच. मित्रांनो, मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतोय, गैरसमज नको. तुमच्यातले बरेच जण माझ्या जिन्यावर मेलेत आणि मरता मरता माझ्या खानदानाचा उद्धार करून गेलेत. मला ऐकू कसं आलं, असं विचारू नका. मायक्रोफोन चालू ठेवून शिव्या घालायची सवय तुमची आहे.

तुम्हाला वाटतं, तुम्ही नेम चांगला म्हणून जिंकता. कसला नेम नि कसलं काय. तुम्ही कुठे वळणार, कुठे दबकणार, कुठे मान वर करणार, हे तुमच्या आधी ठरलेलं असतं. कोपऱ्यात एक पिवळा बल्ब लावला की तुम्ही शहाण्यासारखे बल्बकडे बघता आणि डाव्या खिडकीतून गोळी खाता. मला फार मजा यायची. पण खरं सांगायचं तर तो बल्ब मी नाही लावला, रोसमेरीने लावला. ती माझी आई, बाप, गवंडी, सगळं काही.

लिमा शहराच्या उत्तर टोकाला कोमास नावाची वस्ती डोंगराला धरून वर चढत गेलीय. तिथे तेओफिलो मामाचा इंटरनेटचा गाळा होता. त्याला तिकडे काबिना म्हणतात. प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेले कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, आणि कुठल्याच खुर्चीला धड पाठ नाही. रोसमेरी मामाची भाची, गाळा तीच सांभाळायची. दुपारनंतर नुसता गोंगाट. सकाळी मात्र पोरं शाळेत, मोठे कामावर. तेव्हा ती एका मशीनसमोर बसून मला बांधायची.

का बांधायची? चिडून. सगळी वस्ती वर्षानुवर्षं तेच दोन नकाशे खेळत होती. एकात कुठल्यातरी देशातला वाळूचा बाजार, दुसऱ्यात बर्फातलं गोदाम. बर्फ त्या पोरांनी फक्त मामाच्या फ्रीजमध्ये बघितला होता. रोसमेरी म्हणायची, दुसऱ्यांच्या गल्लीत किती दिवस मरायचं, आपल्या गल्लीत मरू की.

आमच्यात भिंत म्हणजे ठोकळा. जिना म्हणजे ठोकळ्यावर ठोकळा. मग त्या ठोकळ्याला कातडी चढवायची. बाकीचे लोक तयार कातडी वापरतात, एकाच विटेचा फोटो हजार वेळा. ही बया कॅमेरा घेऊन गल्लीभर फिरली. पोपडे आलेला निळा रंग, निवडणुकीत रंगवलेली आणि अर्धी पुसलेली नावं, गाण्याच्या जलशाच्या झगझगीत गुलाबी-पोपटी जाहिराती, वरचा मजला कधीतरी चढेल म्हणून छपरातून वर काढून ठेवलेले गंजके गज. लोक हसायचे. फर्मिना नावाची शेजारीण तर म्हणाली, पोरीचं लग्न ठरत नाही म्हणून भिंतींचे फोटो काढायला लागलीय. रोसमेरीने तिच्याही भिंतीचा काढला.

आभाळावरून तर भांडणंच झाली. सगळ्या नकाशांना निळंशार आभाळ असतं. लिमाचं आभाळ वर्षातले कितीतरी महिने राखाडी असतं, तिथले लोक त्याला गाढवाचं पोट म्हणतात. रोसमेरीने मला तेच पोट घातलं. पण सूर्य नाही म्हटलं की सावली नाही, आणि सावली नाही म्हटलं की सगळं कागदाच्या खोक्यासारखं सपाट दिसतं. मग ती दिवस दिवस नुसता उजेड लावत बसली. दुकानातली ट्यूब, देवीच्या फोटोखालचा लाल दिवा, अर्धवट उघड्या दारातून जिन्यावर पडलेली उजेडाची पट्टी. गोळी घालायला यातलं काही लागत नाही. पण ते लावलं आणि मी जिवंत झालो.

मग पहिला फजितवाडा. तिने मामाचा टेप घेऊन गल्ली मोजली होती. दारं, पायऱ्या, गटाराची रुंदी, सगळं जसंच्या तसं माझ्यात उतरवलं होतं. बघायला बोलावलं एदिन्सोनला. हा त्या गाळ्यातला सगळ्यात भारी खेळाडू, काटकुळा, म्हणून सगळे त्याला फ्लाको म्हणायचे. त्याचं तोंड त्याच्या बंदुकीपेक्षा जास्त चालायचं. तो पहिल्याच दारात अडकला. मागचे दोघे त्याच्या पाठीत अडकले. समोरून एकाने आरामात तिघांना टिपलं.

"हे दार आहे की कोंबड्यांचं खुराडं?" फ्लाकोने विचारलं.

"मापाने केलंय. टेप लावून."

"मग तुझ्या गल्लीचंच माप चुकलंय."

रोसमेरीला असा राग आला की तिने त्याचं मशीनच बंद केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गप बसून विचार करायला लागली. खेळात तुम्हाला खांदे नसतात, नाक नसतं, भिंतीला हात लावून अंदाज घेता येत नाही. बंदुकीमागून बघणारा एक डोळा, बस. त्या डोळ्याला खरं दार म्हणजे उंदराचं बीळ वाटतं. मग तिने दारं फुगवली, गल्ली रुंद केली, पायऱ्या बुटक्या केल्या, फर्मिनाच्या घराची एक खोली खाऊन टाकली. सगळं खोटं केलं, तेव्हा कुठे ते खरं दिसायला लागलं. फ्लाको परत आला, फिरला, आणि काही बोलला नाही. त्याच्या तोंडून ती शाबासकीच.

त्यानंतर वेळ जुळवणं. दोन्ही टोळ्या पळत सुटल्या की पाण्याच्या टाक्यापाशी एकदमच पोचायला हव्यात. एक जरी आधी पोचली तर खेळ संपला, नुसती कत्तल उरते. हे तपासायला ती एका बाजूने मामाला पळवायची. तेओफिलो मामा ज्या गल्लीत म्हातारा झाला त्याच गल्लीत, माझ्या पोटात, रोज हरवायचा. रोसमेरी पलीकडून ओरडायची, मामा, टाक्यापाशी या. मामा म्हणायचा, मी टाक्यापाशीच आहे. आणि असायचा कुणाच्या तरी न्हाणीघरात.

शेवटी वेळ जुळली, ती एका जागेमुळे. गल्लीच्या वरच्या अंगाला एर्मेलिंदा मावशी राहायची, एकटी. तिच्या अंगणातून तीन वाटा फुटायच्या. एक गच्चीवरून, एक जिन्यावरून, एक खालून, वाळत घातलेल्या चादरींमधून. बॉम्बवाली टोळी या अंगणातून सोडली की सगळं कसं घड्याळासारखं चालायचं. माझ्या सगळ्या अंगातली ती सगळ्यात देखणी जागा. चादरींमागून पावलं ऐकू यायची आणि माणूस दिसायचा नाही. भल्याभल्यांचे हात तिथे घामेजले. तुमचं घर वापरू का, असं रोसमेरीने मावशीला विचारलं नाही. तिला तसं सुचलंसुद्धा नाही.

मग मला छत घातलं. आमच्या जातीत छत लागतंच, कारण कुठे केसाएवढी फट राहिली की बाहेरची पोकळी आत शिरते आणि मशीन नकाशा बांधायलाच नकार देतं. शेवटची फट सापडली त्या दिवशी मामाने जाहीर केलं की घराचं छत पडतं तेव्हा जे करतात ते करायचं. तिकडे स्लॅब पडला की शेजारीपाजारी जमतात, छताला एक धर्मबाप नेमतात, आणि तो वर टांगलेली बाटली फोडतो. मामा स्वतःच धर्मबाप झाला. गाळ्याच्या दाराशी सुक्या बटाट्यांच्या कालवणाचं पातेलं मांडलं. बियर एकाच ग्लासातून सगळ्यांना फिरली, प्रत्येक जण पिऊन झाल्यावर उरलेला फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढे द्यायचा. बाटली मॉनिटरवर फोडायची का, यावर चर्चा झाली. शेवटी मामाने ती उंबऱ्यावर फोडली आणि काचा भाचीने झाडल्या. एर्मेलिंदा मावशीही आली होती. एक ताट घेतलं, आशीर्वाद दिला, गेली. कशाला दिला ते तिला माहीत नव्हतं.

मित्रांनो, त्यानंतर माझे जे दिवस आले ते तुमच्या नशिबात नाहीत. वाळूचा बाजार बंद, बर्फाचं गोदाम बंद. संध्याकाळी प्रत्येक कप्प्यात मीच. पलीकडच्या वस्तीतले लोक बस बदलून यायचे. मग ठरलं की रविवारी त्यांच्या काबिनाविरुद्ध सामना, आणि तो माझ्यावर. सामना नीट झाला की मला सगळ्या काबिनांत घेणार होते, रोसमेरीच्या नावासकट. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी कलावंत म्हणणार होतं. ती त्या आठवड्यात चालताना जमिनीला पाय लावत नव्हती.

आणि मंगळवारी दुपारी एर्मेलिंदा मावशी साखर घ्यायला निघालेली, गाळ्यासमोरून चालली होती.

आत फ्लाको खेळत होता, हेडफोन लावून, म्हणजे बोंबलत. त्या देशात तेरुको नावाचा एक शब्द आहे. अर्थ अतिरेकी, पण वापर शिवीसारखा. कुणी चिटकवला की सुटत नाही. खेळात बॉम्बवाल्या टोळीला पोरं तोच शब्द वापरायची, विचार न करता. फ्लाको ओरडला की तेरुको निघाले, एर्मेलिंदाच्या घरातून निघाले, सगळे तेरुको एर्मेलिंदाकडेच आहेत. सगळा गाळा खिदळला.

मावशी आत आली. भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. सगळे पडदे काळे.

"माझ्या घरातून कोण निघालं म्हणालात?" तिने विचारलं.

फ्लाको जिंकायला आला होता, त्यामुळे त्याचं डोकं फिरलं होतं. "खेळ आहे मावशी. खेळातले तेरुको. खरे नाहीत."

"माझा नवराही खरा नव्हता," मावशी म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना. घेऊन गेले तरी."

ती डोंगरापलीकडून आलेली, आयाकुचोहून, त्या वाईट वर्षांत, अतिरेकी आणि लष्कर यांच्यामध्ये गावंच्या गावं भरडली जात होती तेव्हा. तिच्या नवऱ्यावर कुणीतरी हा शब्द टाकला आणि बंदूकवाल्या माणसांनी त्याला गाडीत घालून नेलं. परत आला नाही. ती शहरात आली ती तो शब्द मागे टाकून. आणि आम्ही, म्हणजे रोसमेरीने आणि मी, तो शब्द तिच्या अंगणात पेरला होता, तिन्ही वाटांनी.

मावशी रोसमेरीला म्हणाली, दाखव मला. मामाने स्विच वर केला. मावशी फ्लाकोच्या खुर्चीवर बसली, रोसमेरीने तिला माझ्यातून फिरवलं. ती बोटाने ओळखत गेली. ही फर्मिनाची भिंत. हे पाण्याचं टाकं. ही माझी चादर, हिला ठिगळ आहे, ते पण काढलंस. हे माझं दार. मी मनात म्हटलं, आता ती खूश होणार, सगळे होतात.

"आणि तुझं घर कुठंय?" तिने विचारलं.

रोसमेरी म्हणाली, ते नाही घेतलं, जागा पुरली नाही, गल्ली त्याच्या आधीच संपते.

"गल्ली तुमच्याच दारापासून सुरू होते. तू तिथून सुरू केली नाहीस." मावशी उठली. "बॉम्बवाले कुठून तरी सुटायलाच हवेत ना? मग तुझ्या घरातून सोड."

ती गेल्यावर रोसमेरीने पुष्कळ आदळआपट केली. अंगण काढलं तर वेळ मोडते, वेळ मोडली तर सगळंच मोडतं, रविवार तोंडावर आलाय, म्हातारीला कलेतलं काय कळतं. मी तिच्या बाजूने होतो. माझी सगळ्यात देखणी जागा होती ती. मला त्या बाईचं काय?

बुधवारी सकाळी रोसमेरी गाळ्याचं शटर उघडत होती. शाळेला निघालेल्या पोरांनी मावशीच्या दाराशी जाऊन तोच शब्द हाकारला, लाडाने, खेळातल्यासारखा. मावशीने अंगणात टिपत असलेल्या कोंबड्या एकेक करून आत घेतल्या, दार लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. रोसमेरी हातात कुलूप धरून तशीच उभी राहिली. मग आत आली आणि मला उघडून कापायला लागली.

तिने माझी एक नक्कल केली आणि नकलेवर काम सुरू केलं. बॉम्बवाले आता सगळ्यात खालून, तिच्या स्वतःच्या घरातून सुटणार होते. तिने आपलं स्वयंपाकघर बांधलं, मामाची पलंगाखालची चपलांची रांग बांधली. तेओफिलो मामाने ते बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणजे आता मी तेरुको का, असं विचारून तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. फ्लाको आला तो भांडायलाच. त्याला माझे कोपरे पाठ होते, त्या कोपऱ्यांवर तो रविवार जिंकणार होता.

"एका बाईसाठी?"

"बरं, तिचं नको," रोसमेरी म्हणाली. "तुझ्या आईच्या किचनमधून सोडते सगळ्यांना. ओरड मग, तेरुको निघाले म्हणून."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस."

"बघ."

तो निघून गेला. पण जाताना मला, म्हणजे जुन्या नकाशाला, पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन गेला.

रविवारी सामना झाला, नव्या नकाशावर. वेळ जुळवायला तिला सवड मिळालीच नव्हती. बॉम्बवाले चढ चढून दमछाक होत टाक्यापाशी पोचायचे तोवर समोरचे आरामात बसलेले असायचे. सामना कसला, फज्जा. पलीकडच्या वस्तीचे लोक जिंकून हसत हसत गेले, आणि नवा नकाशा कुणी मागून घेतला नाही. रोसमेरीला कुणी कलावंत म्हटलं नाही. एर्मेलिंदा मावशी मात्र दुपारभर गाळ्याच्या दारात स्टुलावर विणकाम घेऊन बसली होती. प्रत्येक वेळी समोरच्यांनी वरून फेकलेल्या ग्रेनेडने रोसमेरीच्या घरात स्फोट झाला की टाका न चुकवता म्हणायची, गेलं गं पोरी, तुझं स्वयंपाकघर परत गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती येता-जाता आत डोकावायची आणि विचारायची, आज किती वेळा जळलं तुमचं घर. रोसमेरी आकडा सांगायची. मामा तोंड फिरवायचा.

हे मला कळलं, कारण फ्लाकोची पेनड्राइव्ह त्याच गाळ्यातल्या मशीनला लटकलेली असायची. रोसमेरीने मला सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पुसून टाकलं होतं. रडली वगैरे नाही. बटण दाबलं आणि पोरांची गिऱ्हाइकी बघायला गेली. तिला वाटलं, मी संपलो.

फ्लाकोने मला चढवलं. कुठल्यातरी साइटवर, सगळ्या जगाला फुकट. रोसमेरीचं नाव काढलं आणि मला नवं नाव दिलं: तेरुका एर्मेलिंदाचं घर. बाई असली की तेरुकोचं तेरुका होतं. हरल्याचा राग त्याने त्या म्हातारीवर काढला, आणि तिला ते कधी कळलंही नाही. मी चिलीत गेलो, मेक्सिकोत गेलो, ज्यांना कोमास कुठे आहे ते माहीत नाही त्यांच्या मशीनांवर गेलो. कुणीतरी माझं आभाळ निळं करून टाकलं. माझं कौतुक करताना लोक म्हणतात, वा, ते अंगण काय बांधलंय. आणि मग सगळे मिळून बोंबलतात की एर्मेलिंदाच्या घरातून निघाले. वर्षं झाली. अजून निघतायत.

मित्रांनो, मी काही चांगला नाही, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तुम्ही मेलात तर मला मजाच वाटते, तुम्ही मरा. पण माझी एक भिंत मला स्वतःला सरकवता येत नाही. बांधणाऱ्याने जिथून दार काढलं तिथून ते उघडंच राहतं. कुणाची गल्ली तुम्ही कधी काढायला बसलात, चित्रात, खेळात, गोष्टीत, कुठेही, तर पहिली रेघ आपल्या उंबऱ्यापासून ओढा. शेजाऱ्याच्या अंगणातून नको. आणि मी तुम्हाला कुठे सापडलो, कुठल्या जुन्या मशीनवर, धूळ खात, तर मला पुसा असं म्हणणार नाही, मला जगायची हौस आहे. फक्त ते नाव काढा. आणि मला उघडून त्या अंगणाच्या दारावर एक ठोकळा ठेवा, साधा, बिनरंगाचा चालेल. बाईला कडी लावायची आहे.